पहिल्यांदाच क्रॉस-कंट्री स्कीइंग: ग्रूम केलेली वाट धरावी की बॅककंट्री?

भाट्येकाठ (रत्नागिरी)

सर्वांना नमस्कार. आम्ही दोघे नवरा-बायको रत्नागिरीत राहतो. दोघेही शिक्षकी पेशातून निवृत्त झालो असून साठीला टेकलो आहोत. लेक आणि जावई कॅनडात ओटावाला असतात आणि यंदा जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत आम्ही त्यांच्याकडे राहणार आहोत. ऐन थंडीचे हे दिवस खिडकीशी बसून काढायचे नाहीत, असे आम्ही इथेच ठरवून टाकले आहे. लेक सुट्टीच्या दिवशी नदीपलीकडच्या गॅटिनो उद्यानात क्रॉस-कंट्री स्कीइंगला (पायांना स्की म्हणजे लांब, अरुंद पट्ट्या अडकवून बर्फावरून चालत-घसरत जाण्याच्या खेळाला) जाते आणि आम्ही दोघांनीही ते शिकावे, असा तिचा आग्रह आहे.

चालण्याची आम्हांला सवय आहे. सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर फिरणे होते आणि अधूनमधून रत्नदुर्गाचा चढही चढतो. बर्फ मात्र आम्ही चित्रांखेरीज कुठे पाहिलेला नाही. यजमानांचा डावा गुडघा उतरताना थोडा दुखतो, आणि मला थंड हवा लागली की कोरडा खोकला सुरू होतो.

उद्यानाच्या नकाशावर काही वाटा ग्रूम केलेल्या आणि काही बॅककंट्री म्हणून दाखवल्या आहेत. या दोहोंत नवशिक्याच्या दृष्टीने नेमका काय फरक पडतो? लेकीचा बेत असा आहे की, दोन-तीन आठवडे सराव झाल्यावर एका बॅककंट्री वाटेने जाऊन रानातल्या केबिनमध्ये एक रात्र मुक्काम करावा. आमच्या वयाला आणि अनुभवाला हे झेपेल का, साहित्य विकत घ्यावे की भाड्याने, आणि निघण्यापूर्वी इथे कोकणात राहून कोणती तयारी करता येईल, हे जाणकारांनी सांगावे. मोकळेपणाने लिहावे, नको असेल तर नको म्हणून सांगितलेले आम्हांला चालेल.

तळकोकण_ते_ओटावा

बाई, नमस्कार. मी मूळचा सावंतवाडीचा. बरीच वर्षे ओटावात राहतो आणि हिवाळाभर याच उद्यानात स्की करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गॅटिनो उद्यान ओटावा नदीच्या पलीकडे क्वेबेक प्रांतात आहे. त्याचे क्षेत्रफळ ३६१ चौरस किलोमीटर असून कारभार राष्ट्रीय राजधानी आयोगाकडे आहे. हिवाळा लागला की उद्यानातले मोटाररस्ते वाहनांना बंद होतात आणि त्यांच्यावरच रुंद स्कीमार्ग तयार केले जातात. सगळ्या स्कीवाटांची लांबी मिळून सुमारे दोनशे किलोमीटर भरते. त्यांच्यासाठी पास काढावा लागतो; तो दिवसाचाही मिळतो आणि हंगामाचाही. प्रत्येक वाटेला क्रमांक आहे. सोपी वाट हिरव्या वर्तुळाने, मध्यम निळ्या चौकोनाने आणि अवघड काळ्या चौकटच्या खुणेने दाखवलेली असते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. वाट ग्रूम करणे म्हणजे रात्री किंवा पहाटे एक जड यंत्र तिच्यावरून फिरते, बर्फाचा वरचा थर कुटून सारखा करते आणि दाबून बसवते. मधल्या रुंद पट्ट्यावर बारीक समांतर रेघा उमटतात आणि कडेला स्कीच्या रुंदीच्या दोन खोल खोबणी कोरल्या जातात. दाबलेल्या बर्फाला घट्ट व्हायला काही तास लागतात, त्यामुळे पहाटे केलेली वाट सकाळी नऊ-दहाच्या सुमारास सर्वांत छान चालते. खोबणीत दोन्ही स्की ठेवून, चालल्याप्रमाणे हातपाय आलटून-पालटून पुढे टाकत जाणे, ही क्लासिक शैली. मधल्या पट्ट्यावर एकेक स्की तिरकी बाहेर ढकलत जाणे, ही स्केटिंग शैली. ती १९८० च्या दशकात शर्यतींमुळे पुढे आली आणि तिला दम फार लागतो. तुम्ही दोघांनी क्लासिकच शिकावे. खोबण स्कीची दिशा स्वतःच सांभाळते, पाय फाकत नाहीत, आणि नवशिक्याला आपले सगळे लक्ष तोल सांभाळण्याकडे देता येते.

हा तोलच सगळ्या शिक्षणाचा गाभा आहे, म्हणून त्याविषयी लिहितो. क्रॉस-कंट्री बुटाची टाच मोकळी असते, फक्त पुढचे टोक स्कीला अडकवलेले असते. स्की मध्यभागी किंचित कमानदार असते, आणि त्या कमानीखाली बर्फ धरून ठेवणारी पकड असते. दोन्ही पायांवर सारखा भार असेल तेव्हा कमान वर उचललेली राहते आणि स्की घसरते; एका पायावर पूर्ण भार दिला की कमान दबते आणि पकड बर्फाला टेकते. त्या क्षणी मागे रेटायचे आणि दुसरी स्की पुढे सरकू द्यायची. नवशिके दोन्ही पायांवर अर्धा-अर्धा भार ठेवून चालतात, मग पाय मागे घसरत राहतो आणि त्यांना वाटते की स्कीच वाईट आहे. दुकानात स्की निवडताना सपाट फळीवर उभे राहून पायाखाली कागद सरकवून पाहतात. दोन्ही पायांवर उभे असताना कागद सहज सरकला पाहिजे, आणि एका पायावर भार दिल्यावर तो अडकला पाहिजे. म्हणजेच स्कीची निवड उंचीपेक्षा वजनावर जास्त अवलंबून असते; तेव्हा दुकानात वजन खरे सांगावे, आणि तेही अंगावरच्या कपड्यांसकट.

साहित्य या वर्षी भाड्यानेच घ्या. तळाला खवल्यांची नक्षी असलेली किंवा मोहेअरची (अंगोरा बोकडाच्या केसांची) पट्टी लावलेली स्की मागा, म्हणजे पकडीसाठी तळाला मेण लावण्याची गरज पडत नाही. क्लासिकसाठी काठीची लांबी उंचीच्या साधारण ८३ टक्के धरतात. बर्फावर उभे असताना ती खांद्याच्या थोडी खाली येते. काठीच्या पट्ट्यात हात खालून वर घालायचा आणि पट्टा व मूठ एकत्र धरायची, हे पहिल्याच दिवशी कोणाकडून तरी नीट बघून घ्या.

उतारावर मात्र खोबण नवशिक्याची वैरीण ठरते, कारण तिच्यात वेग वाढत जातो आणि वळता येत नाही. उतार दिसला की माथ्यावर थांबावे, खाली कोणी नाही हे पाहावे, आणि एक स्की खोबणीत ठेवून दुसरी बाहेर काढून तिची टाच बाहेर ढकलत वेग आवरावा. उतार जास्त असेल तर दोन्ही स्की बाहेर काढून पुढची टोके जवळ आणि टाचा लांब, असे उतरावे. तेही जमेनासे वाटले तर स्की काढून वाटेच्या अगदी कडेने पायी उतरण्यात काहीच वावगे नाही. फक्त बूट खोबणीत पडू देऊ नयेत, कारण त्या खड्ड्यात मागून येणाऱ्याची स्की अडकते. उतरणाऱ्याला चढणाऱ्याने वाट द्यायची, हा इथला नियम आहे. पडलात तर आधी कडेला सरका, मग उठा.

बॅककंट्री वाटांवर यांपैकी काहीच केलेले नसते. खुणा असतात, पण वाट अरुंद असते, झाडांमधून वळणे घेत जाते, आणि ताज्या हिमवृष्टीनंतर पहिल्या माणसाला बर्फ तुडवत जावे लागते. तिथला उतार झाडांमुळे जास्त बिकट होतो, कारण वेग कमी करायला जागाच मिळत नाही. शिवाय मोबाइलची रेंज सगळीकडे मिळेलच असे नाही. म्हणून लेकीच्या बेताला मी आठवड्यांचे माप लावणार नाही. निळ्या चौकोनाच्या वाटेवरचा उतार बर्फ कडक झालेला असतानाही दोघांना न घाबरता उतरता आला, आणि दिवसभर पाठीवर पिशवी घेऊन चालल्यावर संध्याकाळी अंगात त्राण उरले, तरच पुढचा विचार करावा.

वयाचे म्हणाल तर इथे ती अडचण कोणी मानत नाही. क्वेबेकमध्ये हा खेळ रुजवणारे हर्मन स्मिथ-योहान्सन, ज्यांना सगळे जॅकरॅबिट म्हणत, १८७५ मध्ये नॉर्वेत जन्मले आणि १९८७ मध्ये, वयाच्या १११ व्या वर्षी वारले. शंभरी उलटल्यावरही ते स्कीवर दिसत. कॅनडातल्या लहान मुलांच्या स्की-प्रशिक्षणाला त्यांचेच नाव दिलेले आहे.

निवृत्त_दर्यावर्दी (गुहागर)

ताई, वरचे उत्तर उत्तम आहे. त्यात बर्फाविषयी थोडी भर घालतो. मी व्यापारी जहाजांवर होतो आणि नोकरीच्या निमित्ताने हिवाळ्यात ओस्लोला मुक्काम पडत असे. ओस्लो शहरातून मेट्रोची एक क्रमांकाची गाडी थेट डोंगरावर फ्रोग्नेरसेटेरेनला जाते. सुट्टीच्या सकाळी तिच्यात आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे हातात स्की धरून उभे असतात, आणि उतरल्यावर पाच-दहा मिनिटांत नूरमार्का नावाच्या जंगलात पांगतात. तिथे स्कीवाटांना लाल खुणा आणि उन्हाळी पायवाटांना निळ्या खुणा असतात. शहराजवळच्या अनेक वाटांवर दिवे लावलेले आहेत, कारण डिसेंबर-जानेवारीत दुपारी चारच्या सुमारासच अंधारू लागते. अशा दिव्याखालच्या ग्रूम केलेल्या वाटेवर मी शिकलो, आणि कामावरून सुटलेली माणसे जेवणाआधी तासभर स्की करून घरी जातात हे पाहून मला त्या लोकांविषयी फार आदर वाटू लागला.

बर्फ एकच नसतो, हे आपल्याकडच्या माणसाला आधी कळत नाही. शून्याच्या थोडे खाली तापमान असेल तेव्हा स्कीखाली पाण्याचा अत्यंत पातळ थर तयार होतो आणि ती सुरेख घसरते. तापमान उणे वीसच्या आसपास गेले की हा थर नीट तयार होत नाही, बर्फाचे कण टोकदार आणि कोरडे राहतात, आणि स्की भर उन्हातल्या कोरड्या पुळणीवरून होडी ओढल्याप्रमाणे अडते. त्या दिवशी तुमचा दम अपुरा पडला असे समजू नका. अंतर निम्म्यावर आणा. याउलट दुपारी पाऱ्याने शून्य ओलांडले आणि रात्री पुन्हा गोठले की खोबणीचा काच होतो. अशा सकाळी खवल्यांची स्की पकडही देत नाही आणि उतारावर आवरतही नाही. अनुभवी लोक तेव्हा क्लिस्टर नावाचे चिकट मेण लावतात. पकडीच्या घट्ट मेणाच्या कांड्या तापमानाप्रमाणे रंगांच्या असतात: कडक थंडीला हिरवी, मध्यम थंडीला निळी, शून्याजवळ जांभळी आणि त्याच्या वर लाल. तुम्हांला हे लगेच शिकायचे नाही, परंतु लेक सकाळी तापमान पाहून कोणती कांडी उचलते याकडे लक्ष ठेवा. या खेळाची अर्धी गोडी त्या निवडीत आहे, असे माझे मत आहे. स्की नीट घसरावी म्हणून लावायच्या मेणात पूर्वी फ्लोरिनची संयुगे वापरत. ती निसर्गात कुजत नाहीत, म्हणून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून शर्यतींत त्यांच्यावर बंदी आणली. घरी जुन्या वड्या पडल्या असतील तर त्या वापरू नका.

रानवाटेबद्दल नॉर्वेतले नऊ नियम प्रसिद्ध आहेत. तिथल्या एका लोकप्रिय चॉकलेटच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूला ते छापलेले असतात. वेळीच मागे फिरावे, मागे फिरण्यात कमीपणा नाही, असा त्यातला एक नियम आहे. दर्यावर हवामान बिघडताना आम्हीही हाच निर्णय घेत असू, त्यामुळे मला तो पहिल्या दिवसापासून पटला. निघतानाच परतीची वेळ ठरवा आणि ती घड्याळावर पाळा. पुढची केबिन फक्त एक किलोमीटरवर आहे, या विचाराने माणूस फसतो.

सह्यवाटा (कुडाळ)

काकू, नमस्कार. मी गुलमर्गला स्कीइंगचे प्राथमिक प्रशिक्षण घेतले आहे आणि नंतर तिथल्याच कुरणांवर नॉर्डिक, म्हणजे क्रॉस-कंट्रीची मोकळ्या टाचेची, स्कीही वापरली आहे. पुष्कळांना वाटते की भारतात क्रॉस-कंट्री नाहीच, तसे नाही. लडाखच्या ताशी लुंडुपने २०१० मध्ये व्हँकुव्हरला आणि जगदीश सिंहने २०१८ मध्ये प्योंगचांगला हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे याच खेळात भाग घेतला, आणि गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत नॉर्डिक स्कीइंगचा समावेश असतो.

एका मुद्द्यावर मात्र माझे मत वरच्या दोघांहून वेगळे आहे. ग्रूम केलेली वाट नवशिक्याला नेहमीच सोपी असते, हे मला मान्य नाही. शर्यतीच्या घाटणीची अरुंद स्की आणि घट्ट दाबलेला बर्फ यांच्या जोडीने वेग झपाट्याने वाढतो. रुंद, खवलेदार, धातूची कड असलेली बॅककंट्री स्की आणि गुडघ्याखाली येणारा मऊ ताजा बर्फ असेल, तर साध्या उतारावर माणूस आपोआप हळू होतो आणि पडला तरी त्याला लागत नाही. काकांच्या गुडघ्याचा विचार करता, जवळपास सपाट असलेल्या आणि गाडीतळापासून फार दूर न जाणाऱ्या बॅककंट्री वाटेवर अशा स्कीने एक सकाळ घालवणे मला कडक खोबणीपेक्षा सुरक्षित वाटते. मुक्काम ही वेगळी गोष्ट. त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

फिजिओ_चिपळूण

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे. स्की स्वतः केलेली नाही, परंतु शरीराच्या तयारीविषयी जे खात्रीने सांगता येते तेवढे सांगते.

गुडघ्याच्या दृष्टीने क्रॉस-कंट्री हा पळण्यापेक्षा सौम्य व्यायाम आहे, कारण पाय आपटत नाही. त्रास होतो तो उतरताना टाचा बाहेर ढकलून वेग आवरण्याने, आणि पडून पाय मुरगळण्याने. म्हणून काकांनी आतापासून मांडीचे पुढचे स्नायू आणि नितंबाच्या बाजूचे स्नायू बळकट करावेत. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता सावकाश उठणे-बसणे, पायरीवरून एका पायाने हळूहळू खाली उतरणे, आणि एका पायावर तोल धरून उभे राहणे हे तीन व्यायाम पुरेसे आहेत. फक्त त्यांत सातत्य हवे. शेवटचा व्यायाम दात घासताना करता येतो आणि तोच तुम्हांला बर्फावर सर्वांत जास्त उपयोगी पडेल, कारण वर सांगितलेला सगळा खेळ एका पायावर भार देण्याचा आहे.

भाट्याच्या किनाऱ्याचा उपयोग करा. ओहोटीच्या वेळी पाण्याजवळच्या घट्ट वाळूवर दोन काठ्या घेऊन, काठी मागे रेटत लांब पावले टाकत चाला. काठीचा जोर मुठीतून न लावता पोट आणि पाठीच्या रुंद स्नायूंतून लावायचा असतो, तो इथेच अंगवळणी पडेल. रत्नदुर्गाच्या चढावर हीच काठ्यांची जोडी न्या. चाके लावलेली रोलर-स्की मिळते. परंतु तिला बहुधा ब्रेक नसतो, आणि आपल्याकडच्या चढउताराच्या डांबरी रस्त्यांवर, वाहनांच्या वर्दळीत, नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

तुमच्या खोकल्याकडे दुर्लक्ष करू नका, बाई. जोराने श्वास घेताना थंड आणि कोरडी हवा श्वासनलिकांना आकसवते, आणि दीर्घ पल्ल्याच्या स्की-खेळाडूंमध्ये दम्यासारखा त्रास इतरांपेक्षा अधिक आढळतो. निघण्यापूर्वी छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि इन्हेलरची गरज आहे का ते विचारा. तोंड-नाक झाकणारी पातळ गळपट्टी वापरली तर आत जाणारी हवा थोडी ऊबदार आणि ओलसर होते. कडक थंडीत रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो, म्हणून दोघांनीही हृदयाची तपासणी करून घेतलेली बरी. पडताना काठीचा पट्टा अंगठ्यात अडकून अंगठ्याच्या मुळाचा अस्थिबंध ताणला जाणे, ही स्की करणाऱ्यांची नेहमीची दुखापत आहे. पडतोय असे वाटले की मूठ सोडून द्यायची, एवढे लक्षात ठेवा.

भाट्येकाठ (रत्नागिरी)

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांकडची वेळ घेतली आहे आणि काठ्यांची चौकशीही सुरू केली आहे. दोन गोष्टी अजून विचारते. इतक्या थंडीत घाम येतो असे लेक सांगते, तेव्हा अंगावर नेमके काय आणि किती घालावे? आणि केबिनच्या मुक्कामावर माझे मन बसले आहे, हे कबूल करते. बॅककंट्री वाट टाळून तो करता येण्यासारखा आहे का?

तळकोकण_ते_ओटावा

बाई, आधी कपड्यांचे सांगतो, कारण इथे नवीन आलेली माणसे त्यातच चुकतात. ओटावात जानेवारीत रात्रीचे किमान तापमान सरासरी उणे चौदाच्या आसपास असते, त्यामुळे भीतीपोटी जाड कोट चढवला जातो. क्रॉस-कंट्रीत हात, पाय आणि पाठ हे सगळे एकदम काम करतात, दहा मिनिटांत घाम येतो, आणि थांबलात की तोच घाम अंग गार करतो. रानात माणसाच्या शरीराचे तापमान धोकादायक उतरते ते बहुतेक वेळा असे. म्हणून अंगाला लागून सुती कापड अजिबात नको. बनियन, मोजे, अंतर्वस्त्रे सगळी मेरिनो लोकरीची किंवा कृत्रिम धाग्याची हवीत. त्यावर एक पातळ ऊबदार थर आणि त्यावर वारा अडवणारे हलके जाकीट. गाडीतून उतरल्यावर पहिली पाच मिनिटे थोडी थंडी वाजली, तर कपडे बरोबर आहेत असे समजा. जाड कोट पिशवीत ठेवा आणि थांबताक्षणी अंगावर घ्या. थंडी वाजायला लागण्याची वाट पाहू नका. बोटांना पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा मिटन (चार बोटे एकत्र राहणारे हातमोजे) जास्त ऊब देतात, आणि त्यांचा एक कोरडा जोड पिशवीत राहू द्या. गाल, नाकाचा शेंडा आणि कानाच्या पाळ्या एकमेकांच्या पाहत राहा: कातडी पांढुरकी आणि मेणचट दिसली तर हिमदंशाची सुरुवात आहे. ती जागा उघड्या तळहाताने झाकून ऊब द्या, चोळू मात्र नका, आणि सरळ केबिनकडे वळा. पाण्याची बाटली उलटी ठेवावी, म्हणजे गोठायला लागली तरी बर्फ तळाकडे जमतो आणि बूच मोकळे राहते.

कुडाळच्या मित्राचे म्हणणे मी विचारपूर्वक वाचले. मऊ ताज्या बर्फात रुंद स्की खरोखर सुरक्षित वाटते, आणि अशी सकाळ मिळाली तर जरूर जा. माझी अडचण एवढीच आहे की, बॅककंट्री वाटेवर बर्फ मऊ असेलच याची हमी नसते. सुट्टीच्या गर्दीनंतर आणि एखाद्या उबदार दिवसानंतर तीच वाट खडबडीत आणि कडक होते, तिला सपाट करायला यंत्र येत नाही, आणि रुंद स्की तिथे वळवायला ताकद लागते. ग्रूम केलेल्या वाटेची आजची स्थिती उद्यान रोज सकाळी जाहीर करते. ती वाचून निघता येते. नवशिक्याला आज काय मिळणार हे आधी माहीत असणे, हा मोठा आधार आहे.

आता मुक्काम. उद्यानात दोन प्रकारचे निवारे आहेत. दिवसाच्या केबिन सर्वांना खुल्या असतात. ह्युरन, किओगन, वेस्टर्न, रेनो ही त्यांतली काही नावे. आत लाकडावर चालणारी शेगडी असते, लोक तिच्याभोवती मोजे वाळवतात, डबा गरम करतात, आणि अनोळखी माणसे सहज सरकून जागा देतात. पहिल्या काही दिवसांत अशाच एका केबिनपर्यंत जाऊन, जेवून परत येणे हे तुमचे उद्दिष्ट ठेवा. तिथपर्यंत जाणाऱ्या वाटांचे चढ सारखे नाहीत, तेव्हा लेकीला त्यांतली सौम्य वाट निवडायला सांगा.

रात्रीच्या मुक्कामाच्या जागा वेगळ्या असून त्यांचे आरक्षण लागते. त्यांपैकी उत्तरेकडच्या फिलिप तलावाच्या परिसरातल्या काही ठिकाणी ग्रूम केलेल्या वाटेनेच जाता येते, आणि चढउतारही तुलनेने बेताचा आहे. म्हणजे रानातली रात्रही मिळेल आणि बॅककंट्रीही टळेल. झोपायच्या पिशव्या आणि अन्न आपले आपण न्यायचे असते. ते ओझे पाठीवर घेतले की शरीराचा तोल बदलतो आणि उतारावर पडायला होते, म्हणून जड सामान लेक-जावयांनी कमरेला बांधलेल्या घसरगाडीवर ओढावे आणि तुम्ही दोघांनी फक्त पाणी, खाऊ, कोरडे कपडे आणि डोक्याचा दिवा जवळ ठेवावा. डोक्याचा दिवा प्रत्येकाजवळ स्वतंत्र हवा.

तारीख निवडताना मार्च टाळा. मार्चमध्ये दुपारी ऊन लागते, बर्फ वितळतो, रात्री पुन्हा गोठतो, आणि गुहागरच्या काकांनी लिहिलेली काचेसारखी सकाळ तेव्हा वारंवार येते. फेब्रुवारीचा मध्य ते अखेर हा काळ बरा. बर्फ पुरेसा साठलेला असतो, दिवस साडेपाचच्या आसपास मावळतो, आणि तोवर तुमचा सरावही झालेला असेल. शनिवार-रविवारच्या जागा फार लवकर भरतात. लेकीला आठवड्यातली मधली रात्र पाहायला सांगा, आणि ती आताच पाहायला सांगा.